विश्लेषण : खर्जाचे वाद्य मंचाच्या पुढे येते तेव्हा... डबल बेस, बॅन्जो आणि तबल्याच्या कॉन्चेर्टोची गोष्ट काय?

सिम्फनी ऑर्केस्ट्रात सर्वांत मागे, एका कडेला उभे राहणारे डबल बेस हे आकाराने सर्वांत मोठे तंतुवाद्य. तरीही मैफल संपवून घरी जाणाऱ्या श्रोत्याला त्यातला एखादा स्वर आठवेलच असे नाही. या वाद्याचे काम साथीचे. आपल्याकडे तबल्याचे होते तसेच. ही दोन्ही वाद्ये आणि सोबतीला बॅन्जो, अशी तीन ‘साथीची’ वाद्ये मंचाच्या पुढे बसली आणि शेकडो वर्षे मिरवणारा वाद्यवृंद त्यांच्या साथीला बसला, असा प्रयोग २००६ मध्ये अमेरिकेत झाला. त्यातील तबलावादक मुंबईचे होते. उस्ताद झाकीर हुसेन आता नाहीत. त्यामुळे त्या प्रयोगाचे पुढे काय, हा प्रश्नही उरतोच.

नॅशव्हिलमध्ये त्या रात्री काय झाले?

९ सप्टेंबर २००६. टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल येथे स्कर्मरहॉर्न सिम्फनी सेंटर या नव्या सभागृहाचे उद्घाटन होते. नॅशव्हिल हे शहर कंट्री संगीताचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. गिटार, फिडल आणि बॅन्जोच्या या गावात शास्त्रीय वाद्यवृंदासाठी खास सभागृह उभारणे हीच मोठी गोष्ट होती. ज्यांच्या नावाने ते उभे राहिले, ते केनेथ स्कर्मरहॉर्न १९८३ पासून या वाद्यवृंदाचे संचालक होते. सभागृह पूर्ण होण्याआधीच, एप्रिल २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे उद्घाटनाच्या रात्री वाद्यवृंदासमोर उभे राहिले लेनर्ड स्लॅटकिन.

कार्यक्रमात शोस्ताकोविच होते, बार्बर होते, मालर होते. अशा प्रसंगी असतात तसेच. पण मधोमध एक अगदी नवी रचना होती : बॅन्जो, डबल बेस आणि तबला यांच्यासाठीचा तिहेरी कॉन्चेर्टो. रचनाकार तिघे आणि वादकही तेच. बेला फ्लेक, एडगर मायर आणि झाकीर हुसेन. पुढे या रचनेला ‘द मेलडी ऑफ रिदम’ हे नाव मिळाले. स्लॅटकिन यांच्याच संचालनाखाली डेट्रॉइट सिम्फनी ऑर्केस्ट्रासह तिचे ध्वनिमुद्रण झाले आणि ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

याआधी फ्लेक आणि मायर यांनी नॅशव्हिलच्याच वाद्यवृंदासाठी बॅन्जो आणि डबल बेसचा दुहेरी कॉन्चेर्टो केला होता. नव्या सभागृहासाठी त्यात तिसरे वाद्य यायचे होते. त्यांनी व्हायोलिन किंवा पियानो निवडला असता तर कोणाच्याच भुवया उंचावल्या नसत्या. त्यांनी तबला निवडला.

कॉन्चेर्टो म्हणजे नेमके काय?

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातील मांडव, निवेदकाचे शेर आणि जुनी हिंदी गाणी डोळ्यांसमोर येतात. इथे अभिप्रेत आहे तो साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक वादकांचा पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंद. कॉन्चेर्टोत या वाद्यवृंदाच्या पुढे एक, कधी दोन किंवा तीन एकल वादक असतात आणि दोन्ही बाजूंमध्ये संवाद चालतो. कधी जुगलबंदी, कधी साथ. रचना बहुधा तीन भागांची असते : पहिला भाग भारदस्त, दुसरा संथ, तिसरा चपळ.

हा साचा व्हायोलिन आणि पियानोने गाजवला, याचे कारण सोपे आहे. सत्तर जण एकदम वाजवत असतानाही ही वाद्ये ऐकू येतात. व्हायोलिन उंच स्वरांत सगळ्यांच्या वर निघते आणि पियानो आवाजाच्या जोरावर टिकतो. डबल बेसला हे दोन्ही मार्ग बंद आहेत.

एवढे मोठे वाद्य, मग ऐकू का येत नाही?

माणसाच्या उंचीचे वाद्य आणि आवाज मात्र दबका, हे विचित्र वाटते. कारण भौतिकशास्त्रात आहे.

डबल बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तुलनेसाठी, काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनांवर असते. म्हणजे डबल बेस तंबोऱ्याच्या खर्जाहूनही बराच खाली उतरतो. या ४१ कंपनांच्या ध्वनिलहरीची हवेतील लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. वाद्याचा लाकडी खोका मात्र जेमतेम एक-सव्वा मीटर लांब. एवढ्या लहान खोक्याला एवढी लांब लहर नीट ढकलता येत नाही. त्याचा आवाज पुरेसा मोठा करायचा तर वाद्य इतके मोठे करावे लागेल की ते वाजवायला शिडी लागेल. थोडक्यात, डबल बेस मोठा दिसतो, पण त्याच्या स्वरांच्या मानाने तो लहानच आहे.

शिवाय आपले कानही पक्षपाती आहेत. दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात ते सर्वाधिक तीक्ष्ण असतात. बाळाचे रडणे याच पट्ट्यात ठसठशीत ऐकू येते. चाळीस कंपनांचा स्वर तेवढाच मोठा वाटायचा असेल तर कितीतरी पट अधिक ऊर्जा लागते.

मग आपल्याला खर्ज ऐकू कसा येतो? प्रत्येक स्वरासोबत त्याचे उपस्वर वाजत असतात. ४१ चा स्वर असेल तर ८२, १२३, १६४ अशा पटींत. मूळ स्वर क्षीण असला तरी या उपस्वरांमधले समान अंतर ओळखून मेंदू तो स्वतःच भरून काढतो. तुम्ही आता हातात धरलेल्या फोनवर हेच घडते. फोनचा चिमुकला स्पीकर काही शे कंपनांच्या खाली फारसा आवाज देऊच शकत नाही. तरीही गाण्यातला बेस थोडाफार कळतो, कारण तो आपण डोक्यात वाजवत असतो.

आणखी एक अडचण हातांची आहे. व्हायोलिनची तार सुमारे ३३ सेंटीमीटर लांब, तर डबल बेसची साधारण १०५. खालच्या भागात ‘सा’वरून ‘रे’वर जायला व्हायोलिनवर साडेतीन सेंटीमीटर पुरतात, डबल बेसवर साडेअकरा सरकावे लागते. म्हणूनच व्हायोलिनच्या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात आणि डबल बेसच्या मध्यमाच्या. पंजा त्याहून जास्त ताणलाच जात नाही. व्हायोलिनवर लीलया निघणारी तान इथे अक्षरशः कसरत होते.

म्हणून एकल वादनासाठी काही युक्त्या रूढ झाल्या. तारा बारीक घेऊन एका पूर्ण स्वराने चढवायच्या, म्हणजे आवाजाला धार येते. तारेच्या खालच्या टोकाकडे, अंगठा तारेवर टेकवून उंच स्वरांत वाजवायचे. तारेला नुसता स्पर्श करून बासरीसारखे उपस्वर काढायचे. रचनाकारही एकल वादक वाजवत असताना वाद्यवृंदातील बाकी डबल बेसना गप्प बसवतो. खर्जाच्या वाद्याने पुढे यायचे तर त्याला आपला खर्जच बऱ्याच अंशी सोडावा लागतो.

मग पूर्वी कोणी असे कॉन्चेर्टो लिहिलेच नाहीत?

लिहिले, आणि चांगले लिहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना आणि आसपासच्या दरबारांत तर त्यांची लाटच होती. हायडनने १७६१ मध्ये ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन सिम्फनींत खर्जाच्या या वाद्याला एकल जागा दिल्या. दोन-एक वर्षांत त्याने डबल बेससाठी पूर्ण कॉन्चेर्टोही लिहिला. तो हरवला. हायडनने स्वतः ठेवलेल्या रचनांच्या यादीत त्याची सुरुवात तेवढी नोंदलेली आहे. त्या दोन मात्राखंडांपलीकडे आज काहीच हाती नाही.

डिटर्सडॉर्फ, वानहाल, हॉफमाइस्टर यांचे कॉन्चेर्टो मात्र टिकले. स्पेर्गर हा स्वतः वादक. त्याने एकट्याने अठरा लिहिले. मोझार्टनेही १७९१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, पुरुषी खर्जाचा गायक आणि डबल बेस यांच्यासाठी एक आरिया लिहिली. पण हे सगळे संगीत व्हिएन्नातील एका विशिष्ट पाच तारांच्या वाद्यासाठी होते. त्याच्या तारा वेगळ्या पद्धतीने लावत. त्यामुळे एका ठरावीक पट्टीत स्वरसमूह सहज हाती येत. तो वादकवर्ग गेला, तारा लावायची ती पद्धत गेली आणि त्याबरोबर रचनाही कपाटात गेल्या. नंतरच्या वादकांना त्या आपल्या वाद्यावर वाजवताना घाम फुटे. एखादे वाद्य मोजक्या माणसांच्या हातात असले की असे होते. माणसे गेली की त्यांच्यासाठी लिहिलेले संगीतही अनाथ होते.

एकोणिसाव्या शतकात डबल बेसची कीर्ती दोन इटालियन वादकांनी सांभाळली. व्हेनिसचा ड्रॅगोनेट्टी १७९९ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनला भेटला आणि बेथोव्हेनने चेलोसाठी लिहिलेला सोनाटा त्याने डबल बेसवर वाजवून दाखवला. वादन संपताच बेथोव्हेनने उठून वादकाला वाद्यासकट मिठी मारली, असे बेथोव्हेनच्या चरित्रात नोंदलेले आहे. पुढे १८२४ च्या नवव्या सिम्फनीत, शेवटच्या भागाच्या सुरुवातीला, गायक तोंड उघडण्याआधी चेलो आणि डबल बेसच शब्दांविना बोलू लागतात. त्यामागे ही भेट असेल का, असा मोह होतो. पण मोहापलीकडे पुरावा नाही.

दुसरा बोत्तेसिनी. मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेश घ्यायला गेला तेव्हा दोनच वाद्यांच्या जागा शिल्लक होत्या, बसून आणि डबल बेस. वडिलांची फी भरायची ऐपत नव्हती. मुलाने काही आठवड्यांत डबल बेस शिकून जागा मिळवली आणि पुढे ‘डबल बेसचा पॅगानिनी’ म्हणून युरोपभर नाव कमावले. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत व्हेर्दीच्या ‘आइदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्याचा संचालकही हाच.

दोन डबल बेस एकत्र का आणत नाहीत?

बोत्तेसिनीने तेही केले. त्याचा गाजलेला ‘ग्रान ड्युओ’ मुळात दोन डबल बेससाठी होता. आज तो बहुतेक वेळा व्हायोलिन आणि डबल बेसवर ऐकायला मिळतो, कारण त्याचे तसे रूपांतर झाले आणि तेच लोकप्रिय ठरले. यामागेही कानाचेच गणित आहे. खालच्या सप्तकात दोन स्वर जवळजवळ आले की ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. वरच्या सप्तकात मधुर वाटणारी गांधाराची जोडी खर्जात गुरगुरल्यासारखी वाटते. दोन डबल बेस शोभायचे तर एकाने सतत वर चढायचे आणि दुसऱ्याने खाली राहायचे, अशी वाटणी करावी लागते. वर चढणाऱ्याची जागा व्हायोलिनने घेतली यात नवल नाही.

एडगर मायर कोण?

१९६० मध्ये जन्म, बालपण टेनेसीतील ओक रिज येथे. हे गाव दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करण्याकरिता वसवलेले. वडीलही डबल बेस वाजवत आणि शाळेत मुलांना तंतुवाद्ये शिकवत. पाचव्या वर्षी मुलाच्या हातात हेच वाद्य आले. म्हणजे डबल बेस हे त्याच्यासाठी ‘उरलेली जागा’ नव्हते, बोत्तेसिनीसारखे.

मायर यांनी व्हिएन्नाच्या परंपरेतले आणि टेनेसीच्या डोंगरांतले असे दोन्ही संगीत अंगी मुरवले. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतात डबल बेस बोटाने छेडतात. लय त्याच्यावर उभी असते. शास्त्रीय संगीतात गजाने वाजवतात. मायर एका दमात एकाकडून दुसरीकडे जातात. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःसाठी पहिला कॉन्चेर्टो लिहिला. नंतर यो-यो मा यांच्यासोबत वाजवण्यासाठी चेलो आणि डबल बेसचा, पुढे जोशुआ बेल यांच्यासोबत व्हायोलिन आणि डबल बेसचा. आपल्या वाद्यासाठी रचना नाहीत अशी तक्रार करत बसण्यापेक्षा त्या करायच्या, हा बोत्तेसिनीचाच मार्ग. २००० मध्ये एव्हरी फिशर पुरस्कार आणि २००२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली.

अलीकडच्या काळात इतर रचनाकारांनीही या वाद्याकडे लक्ष दिले आहे. फिनलंडच्या राउताव्हारा यांनी १९८० मध्ये ‘एंजल ऑफ डस्क’ लिहिला. चीनमध्ये जन्मलेले टान डुन आणि अमेरिकेच्या मिसी मॅझोली यांचे कॉन्चेर्टो गेल्या दशकातले. पण या रचना गजाच्या डबल बेसच्या आहेत. मायर यांच्याकडे लोकसंगीतातली लयही होती, आणि तिथेच बॅन्जो आणि तबल्याचा रस्ता उघडतो.

बॅन्जो आणि तबलाच का?

बॅन्जोची मुळे पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेल्या लोकांबरोबर ते वाद्य समुद्रापार आले. गोल चौकटीवर ताणलेले चामडे आणि त्यावर तारा : म्हणजे अर्धे तंतुवाद्य, अर्धे तालवाद्य. बेला फ्लेक यांनी ते डोंगरी नाचगाण्यातून जॅझमध्ये आणि पुढे वाद्यवृंदासमोर नेले. (वडिलांनी मुलाचे नाव बार्टोक, वेबर्न आणि यानाचेक या तीन रचनाकारांवरून बेला अँटोन लेओश ठेवले होते. त्यानंतर मुलगा बॅन्जो वाजवायला लागला.)

आता या तिघांचे आवाज शेजारी ठेवून पाहा. बॅन्जोचा स्वर टणत्कारासारखा उमटतो आणि लगेच विरतो. तबल्याचा ‘ना’ किंवा ‘तिन्’ही तसाच, क्षणाचा. दोघेही स्वर धरून ठेवू शकत नाहीत. दीर्घ स्वर काढू शकतो तो फक्त गज हाती असलेला डबल बेस. जो वाद्यवृंदात सर्वांच्या पायाखालची जमीन असतो, त्याच्यावरच या त्रिकुटात गायकाची भूमिका येते. या मांडणीतली खरी गंमत मला इथे दिसते. डबल बेसला पुढे आणण्यासाठी त्याला व्हायोलिन बनवावे लागले नाही. शेजारी दोन अल्पजीवी आवाज बसवले आणि तो आपोआप गाऊ लागला.

दुसरीकडे, गज ठेवून बोटाने वाजवले की तोच डबल बेस तालवाद्य होतो. मग तो डग्ग्याच्या मुलखात शिरतो. डग्ग्याचा घुमारा आणि डबल बेसचा खर्ज शेजारशेजारचे. तळहात चामड्यावर दाबत पुढे सरकवला की डग्गा मींड घेतो. डबल बेसही तारेवर बोट घसरवून तेच करू शकतो. दोघे एकाच वेळी घुमले तर गढूळपणाचा तोच प्रश्न येतो, म्हणून एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने जागा द्यायची. हे शिस्तीचे काम आहे, आणि ते ज्यांना सवयीने येते ते साथीदारच. आयुष्यभर गायकाच्या श्वासाकडे कान लावून बसलेला तबलजी आणि फिडलच्या मागे उभा राहिलेला बेसवादक, दोघांनाही गप्प कधी बसायचे हे ठाऊक असते.

तबल्याला स्वर असतो हेही इथे महत्त्वाचे. बहुतेक चामडी वाद्यांचे उपस्वर विस्कळीत असतात, म्हणून त्यांचा नुसता ‘धप’ ऐकू येतो. तबल्याच्या पुडीवरची शाई त्या उपस्वरांना शिस्त लावते आणि तंतुवाद्यासारखा निश्चित स्वर मिळतो. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडले होते.

पण तबला आणि वाद्यवृंद जुळतात कसे?

सोपे नाही. पहिली अडचण पट्टीची. आपल्या मैफलीत ‘सा’ एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच. तबला हातोडीने ठोकून त्या स्वराला मिळवला की झाले. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रचना मात्र सतत पट्टी बदलत पुढे जाते. तोच तिचा प्राण. वाद्यवृंद दुसऱ्या खोलीत गेला आणि तबला पहिल्याच खोलीत वाजत राहिला, असे होऊ शकते. उपाय दोनच : वेगवेगळ्या स्वरांना मिळवलेले एकाहून अधिक तबले मांडायचे किंवा अशा जागी बंद बोल वापरायचे.

दुसरी अडचण कागदाची. वाद्यवृंदातील प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याचे संगीत लिहिलेले असते. कोणत्या मात्राखंडात शिरायचे हे तो मोजून ओळखतो किंवा संचालकाच्या छडीवरून. तबला शिकवतात तो बोलांतून, तोंडी, गुरूसमोर बसून. सम ही नुसती ‘पहिली मात्रा’ नव्हे. ती एक येऊन पोहोचण्याची जागा आहे. तिहाई घेऊन समेवर येण्यातले सुख एकत्र मोजत बसलेल्या सत्तर जणांना कसे द्यायचे? तबलावादकाने तिहाईची लांबी ऐन वेळी बदलली तर मैफलीत दाद मिळते. इथे मागचे सत्तर जण चुकीच्या जागी शिरतील.

झाकीर हुसेन यांना हे कसब साधले, कारण दोन्ही घरांत त्यांचा वावर होता. उस्ताद अल्ला रखा यांच्याकडची पंजाब घराण्याची तालीम आणि सत्तरच्या दशकापासून पाश्चात्त्य संगीतकारांबरोबर चाललेले काम. तबला साथीतून बाहेर काढून स्वतंत्र मैफलीचे वाद्य करण्याची लढाई त्यांच्या वडिलांच्या पिढीने, थिरकवाँसाहेबांसारख्यांनी आधीच लढली होती. नॅशव्हिलमध्ये जे घडले ते त्या लढाईचेच पुढचे ठाणे.

प्रयोग कितपत जमला?

सगळाच नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना प्रस्तुत लेखकाला वाटते ते असे. वाद्यवृंद विरळ होतो आणि तिघे एकमेकांकडे वळतात, तिथे हे संगीत श्वास घेते. तंतुवाद्यांचा पूर्ण ताफा भरून येतो, तेव्हा ते चित्रपटाच्या पार्श्वसंगीताकडे झुकते आणि तबल्याची बारीक कलाकुसर त्या भरावाखाली जाते. याच तबकडीवर वाद्यवृंदाविना केवळ तिघांच्या काही रचना आहेत. त्या अधिक मोकळ्या वाटतात. मग वाद्यवृंद हवाच कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. एवढे खरे, की वाद्यवृंदाला साथीला बसवल्याशिवाय ही तीन वाद्ये अशा सभागृहाच्या उद्घाटनाला मुख्य पाहुणे म्हणून बोलावली गेली नसती.

मुंबईशी याचा काय संबंध?

झाकीरभाई माहीमचे, हे तर झालेच. योगायोगाने त्याच २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. याच वाद्यवृंदासाठी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो रचला आणि २०१५ मध्ये तो मुंबईत सादर झाला. नॅशव्हिलला तिघांनी वाटून घेतलेली जागा इथे तबल्याला एकट्याला मिळाली.

डबल बेसचेही मुंबईशी जुने नाते आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणांत तंतुवाद्यांचे ताफे बसत. त्यांत चर्चमध्ये नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता आणि ताफ्याच्या मागे डबल बेस असे. आणि एक नाव बहुतेकांना ठाऊक नसते. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले तेव्हा तिथे ते डबल बेस शिकले आणि वाजवतही होते. त्यांच्याआधीचे बोत्तेसिनी आणि बोस्टनचे कुसेवित्स्की हेही डबल बेसवादक आणि मग संचालक. मागे उभे राहून सगळ्यांचे ऐकत राहण्याचे काम संचालकपणाची तालीम ठरत असावे.

आता पुढे काय?

फ्लेक, मायर आणि झाकीर पुन्हा एकत्र आले ते २०२३ च्या ‘अ‍ॅज वी स्पीक’मध्ये. या वेळी बासरीवर राकेश चौरसिया होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये या अल्बमला आणि त्यातील ‘पश्तो’ या रचनेला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन यांचे निधन झाले.

‘द मेलडी ऑफ रिदम’ फोनवर ऐकायचा तर हेडफोन लावूनच ऐका. फोनच्या स्पीकरवर मायर यांचा निम्मा भाग हरवेल. तिसऱ्या मिनिटाला सोडून देऊ नका, पूर्ण रचना अर्ध्या तासाच्या आतबाहेरची आहे.

कॉन्चेर्टो जिवंत राहतो तो दुसरे वादक वाजवू लागतात तेव्हा. वाद्यवृंदाचा भाग कागदावर आहे. डबल बेस आणि बॅन्जोवर मायर आणि फ्लेक यांच्या पिढीपुढचे तयार वादक आहेत. तबल्याचे बोलही लिहिता येतात. पण डग्ग्यावर कुठल्या क्षणी तळहात किती दाबायचा, मायर यांचा गज लांबला तर किती वाट पाहायची, हे झाकीरभाईंच्या हातात होते. ती रचना पुन्हा मंचावर आणू पाहणाऱ्या प्रत्येक वाद्यवृंदाला सर्वांत आधी तबल्याच्या बैठकीवर कोण, हे ठरवावे लागेल.